बेसबॉलवाल्यांचा बॉण्ड

‘ताई, तुला बेसबॉल कळतं का गं?’

रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन. एवढ्या रात्री फोन वाजला की आधी पोटात गोळाच येतो. पण हा हिंजवडीतल्या ऑफिसातून निवांत बोलत होता. त्याचा दिवस सुरू होतो आपल्या संध्याकाळी, कारण त्याचा क्लायंट बसतो अमेरिकेत, ओहायोतल्या सिनसिनाटी नावाच्या गावात. मार्चअखेर, डेडलाइन डोक्यावर, आणि त्या क्लायंटनं चक्क मेल टाकला होता : आज कॉल नाही, आज ओपनिंग डे!

‘कसलं ओपनिंग? दुकानाचं?’

‘अरे, बेसबॉलच्या सीझनचा पहिला दिवस. त्या गावात त्या दिवशी मिरवणूक निघते. अर्धं गाव सुट्टीवर असतं.’

‘मॅच जिंकायच्या आधीच मिरवणूक?’

‘त्यांचा मानच आहे तसा. पगारी बेसबॉल त्यांच्या गावात सुरू झालं.’

तो थोडा वेळ गप्प. मग हळूच म्हणाला, ‘अजून एक विचारायचं होतं. मला दुसरीकडून ऑफर आलीये, मस्त आहे. पण इथे बॉण्ड आहे. वर नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड. एवढा माझा जीव काय गहाण ठेवलाय का गं यांच्याकडे?’

मला हसूच आलं. एकाच फोनवर दोन प्रश्न, आणि दोन्हींची गोष्ट एकच. कारण प्रोफेशनल बेसबॉलचा इतिहास म्हणजे होम रन आणि टोप्यांचा इतिहास वाटतो खरा, पण आतून तो आहे एका बॉण्डचा इतिहास. तब्बल शहाण्णव वर्षं चाललेल्या बॉण्डचा! म्हटलं, या आठवड्याच्या कॉलममध्ये तुम्हालाही सांगावं. मंडळी, नियमांचं टेन्शन घेऊ नका. बॉल टाकणारा तो पिचर, बॅट फिरवणारा तो बॅटर, चार बेसना फेरी मारून परत आला की एक रन. एवढं पुरे.

तर सुरुवात न्यूयॉर्कपासून. १८४५ मध्ये तिथे निकरबॉकर नावाचा क्लब निघाला, त्यानं खेळाचे नियम लिहून काढले. खेळणारे कोण? पांढरपेशे. दुकानदार, बॅंकेतले कारकून, तुमच्या-आमच्यासारखी ऑफिस सुटल्यावर मोकळी होणारी मंडळी. खेळायचं ते आनंदासाठी, पैसे घेणं म्हणजे हलकेपणा. पण मॅचला गर्दी जमायला लागली, तिकीट लागलं, आणि मग प्रत्येक क्लबला चांगला खेळाडू हवासा झाला. उघड पगार द्यायचा नाही, मग काय करायचं? त्याला कुठेतरी नोकरी ‘दाखवायची’! जॉर्ज राइट नावाचा एक भन्नाट खेळाडू १८६७ मध्ये वॉशिंग्टनच्या क्लबकडे होता. कागदोपत्री तो सरकारी कारकून. त्याच्या ऑफिसचा जो पत्ता दिला होता, तिथे म्हणे एक सार्वजनिक बाग होती! आपल्याकडे मुंबईत टाइम्स शील्ड खेळणाऱ्या बॅंका आणि कंपन्या क्रिकेटपटूंना नोकरी द्यायच्या, पण निदान तिथे टेबल-खुर्ची तरी असायची.

ही लपवाछपवी संपवली सिनसिनाटीनं. १८६९ मध्ये तिथल्या रेड स्टॉकिंग्ज क्लबनं जाहीर करून टाकलं, आमचे सगळेच्या सगळे खेळाडू पगारी आहेत. टीमचा कर्ताधर्ता हॅरी राइट, जॉर्जचा मोठा भाऊ. आणि गंमत म्हणजे हा हॅरी मुळात आपल्या गोत्रातला. जन्म इंग्लंडमधल्या शेफील्डचा, वडील क्रिकेटचे प्रोफेशनल, आणि तो स्वतः न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचा पगारी क्रिकेटर. बेसबॉलला पगाराची सवय लावली ती एका क्रिकेटवाल्यानं, हे पुढच्या वेळी क्लायंटला ऐकवायला हरकत नाही.

दहा खेळाडू, सीझनचा सगळ्यांचा मिळून पगार ९,३०० डॉलर. त्यात जॉर्जला १,४०० आणि हॅरीला १,२०० डॉलर. म्हणजे धाकट्याचं पॅकेज मॅनेजर असलेल्या थोरल्यापेक्षा जास्त! घरी जेवताना काय होत असेल देव जाणे. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारी रेल्वे जोडली गेली आणि सप्टेंबरात ही टीम थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन खेळून आली. संपूर्ण सीझनमध्ये एकही मॅच हरली नाही. आणि वर्षाच्या शेवटी हिशेब मांडला तेव्हा नफा निघाला एक डॉलर एकोणचाळीस सेंट!

हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड याच आकड्यातून निघाली. १४ जून १८७० ला ब्रुकलिनच्या अटलांटिक्सनी त्यांना अकरा इनिंगपर्यंत खेचून ८-७ असं हरवलं. हरल्यावर गर्दी आटली, आणि पुढच्या वर्षासाठी क्लबनं सांगून टाकलं, पगार परवडत नाहीत बुवा. हॅरी राइटनं सामान बांधलं आणि तो बॉस्टनला गेला. काही खेळाडू नेले, आणि ‘रेड स्टॉकिंग्ज’ हे नावही घेऊन गेला!

तेव्हा खेळाडू मोकळा होता. सीझन संपला की जो जास्त देईल त्याच्याकडे. काही जण तर सीझन अर्ध्यावर टाकून जायचे. क्लबवाल्यांची झोप उडाली. १८७६ मध्ये शिकागोच्या विल्यम हल्बर्टनं नॅशनल लीग उभी केली. क्लबांची शिस्तबद्ध संघटना, ठरलेलं वेळापत्रक, करार म्हणजे करार. मजा अशी की लीग काढण्याच्या आदल्याच वर्षी याच हल्बर्टनं बॉस्टनचे चार स्टार गुपचूप फोडले होते. त्यातला एक अल स्पाल्डिंग. हो, तोच, ज्याच्या नावाचे बॉल आजही दुकानात मिळतात. दुसऱ्याची माणसं पळवून झाली की माणसाला ‘पळवापळवी थांबली पाहिजे’ असं मनापासून वाटू लागतं, हा कॉर्पोरेट नियम तेव्हापासूनचा आहे.

मग आला सप्टेंबर १८७९. बफेलो शहरात लीगच्या मालकांनी आपापसात एक गुपचूप समझोता केला. प्रत्येक क्लबनं आपले पाच खेळाडू ‘राखून’ ठेवायचे. त्या पाच जणांना बाकी कुठल्याही क्लबनं हातसुद्धा लावायचा नाही. खेळाडूंना कोणी विचारलं नाही. पाचाचे पुढे अकरा झाले, मग अख्खी टीमच राखीव. नंतर हे कलमच करारात शिरलं : वर्षाचा करार संपला आणि खेळाडूनं सही केली नाही, तर क्लब तोच करार आणखी एका वर्षासाठी वाढवू शकतो.

वाचायला किती साधं वाटतं ना? आता जरा एचआरच्या नजरेनं वाचा. वाढवलेल्या करारातही तेच वाढवायचं कलम आहे. म्हणजे एक वर्ष, अधिक एक वर्ष, अधिक एक वर्ष... खेळाडू थकेपर्यंत! क्लब त्याला विकू शकतो, बदली करू शकतो, पगार कापू शकतो, हाकलू शकतो. खेळाडूकडे पर्याय दोनच. देतील तेवढ्यावर खेळ, नाहीतर बेसबॉल सोड. आपला बॉण्ड दोन-तीन वर्षांत संपतो तरी. यांचा बॉण्ड दर वर्षी नव्यानं जन्म घेत होता.

मालकांची बाजूही ऐकायला हवी. एक डॉलर एकोणचाळीस सेंटवर धंदा कसा चालणार? एकमेकांची माणसं फोडत राहिलो तर सगळेच बुडू, पैसेवाल्या शहरांकडेच सगळे स्टार जातील, मग मॅच बघायला कोण येईल? युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. पण खर्च कमी करायचा भार ज्याच्या खांद्यावर टाकला, त्याला त्या मीटिंगला बोलावलंच नव्हतं.

पहिला आवाज उठवला जॉन माँटगोमेरी वॉर्ड यानं. हा मोठा पिचर, हात दुखावल्यावर फिल्डिंगमध्ये गेला, आणि खेळता खेळता कोलंबिया विद्यापीठातून वकील झाला. १८८५ मध्ये त्यानं खेळाडूंची संघटना काढली. १८८७ मध्ये एका मासिकात लेख लिहून सरळ विचारलं, बेसबॉलचा खेळाडू ही काय कोणाची जंगम मालमत्ता आहे का? अमेरिकेतली गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती. पळून गेलेल्या गुलामाला कोणी थारा द्यायचा नाही, अशा कायद्याची उपमा त्यानं या राखीव कलमाला दिली. नुसतं लिहून थांबला नाही, १८९० मध्ये खेळाडूंची स्वतःची लीगच सुरू केली. स्टार्टअप म्हणा ना! बहुतेक मोठे खेळाडू तिकडे गेले. पण पैसे लावणारे एका सीझनमध्ये घाबरले, जुन्या मालकांशी बोलणी करून मोकळे झाले, आणि लीग बंद पडली. खेळाडू मुकाट्यानं परत आले.

त्यानंतर १९०१ मध्ये अमेरिकन लीग उभी राहिली, १९०३ मध्ये दोन्ही लीगच्या विजेत्यांची पहिली वर्ल्ड सिरीज झाली. खेळ घराघरात पोचला. १९१९ च्या डिसेंबरात बॉस्टननं बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजला एक लाख डॉलरला विकलं. ‘विकलं’ हाच शब्द वापरायचे. आणि १९२२ मध्ये या सगळ्यावर सुप्रीम कोर्टाचा शिक्का बसला. न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला की बेसबॉलचे सामने भरवणं हा राज्याराज्यांमधला व्यापार नाही, त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू नाही. ट्रेननं टीम नेतात, तिकिटं विकतात, खेळाडू विकतात, पण व्यापार नाही! मालकांना याहून गोड बातमी कुठली?

आणि हेही विसरून चालणार नाही की ज्यांना हा बॉण्डसुद्धा नशिबी नव्हता, असे शेकडो खेळाडू होते. कृष्णवर्णीय खेळाडूंना मोठ्या लीगची दारं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून बंद होती. कुठेही लिहिलेलं नाही, पण सगळ्यांनी पाळलेलं. रूब फॉस्टरनं १९२० मध्ये नीग्रो नॅशनल लीग उभी केली ती त्यामुळेच. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला तेव्हा ती भिंत पडली. पण डॉजर्सनी त्याला ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून उचललं, त्या क्लबला एक छदामही दिला नाही. एकमेकांचे राखीव खेळाडू डोळ्यांत तेल घालून जपणाऱ्या मालकांना कृष्णवर्णीयांच्या लीगमधला करार मात्र करार वाटला नाही.

आता येते या गोष्टीतली खरी व्यक्ती. कर्ट फ्लड.

१९५६ मध्ये मोठ्या लीगमध्ये आला तो सिनसिनाटीकडूनच. वय अठरा. एकोणिसाव्या वर्षी त्याला सेंट लुईसला देऊन टाकलं, कोणी विचारलं नाही. तिथे तो बारा वर्षं खेळला. सेंटर फील्डला त्याच्यासारखा फिल्डर विरळा. सलग सात वर्षं गोल्ड ग्लव्ह हे उत्तम फिल्डिंगचं बक्षीस, दोन वर्ल्ड सिरीजची विजेतेपदं. १९६९ मध्ये पगार ९० हजार डॉलर, म्हणजे त्या काळात भरभक्कम. ऑक्टोबरात एके दिवशी पहाटे फोन आला. क्लबच्या ऑफिसातल्या कोणीतरी कळवलं, तुझी फिलाडेल्फियाला बदली झाली आहे. बस्स. बारा वर्षांचा हिशेब एका फोनमध्ये. आपल्याकडे निदान केक कापतात!

फिलाडेल्फिया त्याला एक लाख डॉलर द्यायला तयार होतं. पगारवाढच की! पण फ्लड म्हणाला, प्रश्न पैशाचा नाहीये. तो गेला युनियनच्या मार्विन मिलरकडे. हा मिलर पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेला, आकडेमोडीत पक्का. १९६६ मध्ये तो आला तेव्हा खेळाडूंचा किमान पगार सहा हजार डॉलर होता. १९४७ मध्ये तो पाच हजार होता. एकोणीस वर्षांत वीस टक्के इन्क्रीमेंट, हिशेब करा! मिलरनं फ्लडला कौतुकाचे शब्द ऐकवले नाहीत. स्पष्ट सांगितलं : केस बहुतेक हरशील, करिअर संपेल, पुढे कोणी कोच म्हणूनही घेणार नाही. फ्लडनं विचारलं, बाकीच्या खेळाडूंना याचा फायदा होईल का? होईल. मग करू या.

२४ डिसेंबर १९६९ ला त्यानं बेसबॉलच्या कमिशनरला पत्र लिहिलं. मजकूर थोडक्यात असा, की बारा वर्षं खेळल्यावर मी माझ्या मर्जीविरुद्ध विकत घ्यायची आणि विकायची वस्तू आहे असं मला वाटत नाही. उत्तर आलं, तू वस्तू नाहीस हे मान्य, पण करार करार आहे. फ्लड कोर्टात गेला. १९७० चा अख्खा सीझन घरी बसला, बिनपगारी.

मे १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात सुनावणी झाली. युनियननं ठराव करून पाठिंबा दिला होता, वकिलाची फी भरली होती. जॅकी रॉबिन्सन साक्षीला आला, केव्हाच रिटायर झालेला, डायबेटिसनं नजर जवळजवळ गेलेली. हँक ग्रीनबर्ग आला, तोही जुना. पण त्या वर्षी खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात आला नाही. साक्ष द्यायला सोडा, मागच्या बाकावर बसायलासुद्धा नाही. ज्यांच्याबरोबर त्यानं बारा वर्षं ड्रेसिंग रूम वाटून घेतली, त्यांतलंही कोणी नाही. मालकांनी बघितलं तर? उद्या आपलीच बदली झाली तर?

१९ जून १९७२ ला सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ३ असा निकाल दिला. फ्लड हरला. निकालपत्राच्या सुरुवातीला न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी बेसबॉलच्या थोर इतिहासाचं गुणगान करत ऐंशीहून जास्त खेळाडूंची नावं दिली. १९२२ चा निकाल विसंगत आहे हे मान्यही केलं, पण दुरुस्त करायचं ते काँग्रेसनं, असं म्हणून हात झटकले. फ्लड तोवर खेळातून बाहेर पडला होता. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून तेरा मॅच खेळून पाहिलं, जमलं नाही, देश सोडून स्पेनच्या मायोर्का बेटावर जाऊन राहिला.

इथे जरा थांबते. मावसभावाला ही गोष्ट सांगताना मी इथेच थांबले होते.

माझी पहिली नोकरी. दोन वर्षांचा बॉण्ड, आणि जॉइन होताना डिग्रीची ओरिजिनल सर्टिफिकेट्स कंपनीकडे जमा. आम्हा तीस-पस्तीस फ्रेशर्सना त्यात काही वावगं वाटलं नाही. नोकरी मिळाली होती, आई-बाबा पेढे वाटत होते. आमच्याहून वर्षभर सीनियर एकजण होता. त्याला वाटलं. त्यानं एचआरला व्यवस्थित पत्र लिहिलं की पैशांचा बॉण्ड एकवेळ समजू शकतो, पण माझी डिग्री तुम्ही कशी ठेवून घेता? आणि खाली आमच्या सह्यांसाठी जागा सोडली. कागद दुपारच्या चहाला टेबलावरून टेबलावर फिरला. माझ्यापर्यंत आला. मी म्हटलं, ‘अरे, जरा नीट वाचून मग देते हं.’ कागद पुढे सरकवला. संध्याकाळपर्यंत त्यावर एकच सही होती, त्याची.

त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं. आधी प्रोजेक्ट काढून घेतला, मग अप्रेझल बिघडलं, चार महिन्यांत तो गेला. आणि त्यानंतरच्या वर्षी कंपनीनं एक दिवस काही गाजावाजा न करता सगळ्यांची सर्टिफिकेट्स परत केली. आम्ही रांगेत उभं राहून ती घेतली. कोणी त्याचं नाव काढलं नाही. मीसुद्धा नाही.

‘म्हणजे तू सही नाही केलीस?’ मावसभाऊ.

‘नाही.’

‘बरं, फ्लडचं पुढे काय झालं?’ त्यानं विषय बदलला. चांगला मुलगा आहे.

पुढे असं झालं की फ्लडच्या केसमुळे लोक या कलमाबद्दल बोलायला लागले होते. मिलरनं कोर्टाचा नाद सोडला आणि कराराकडे बघितलं. १९७० च्या सामूहिक करारात त्यानं एक गोष्ट मिळवली होती, तंटा झाला तर तटस्थ लवादाकडे जायचं. मग त्याला दोन खेळाडू मिळाले, डॉजर्सचा अँडी मेसरस्मिथ आणि माँट्रिऑलचा डेव्ह मॅकनॅली. दोघांनी १९७५ च्या करारावर सहीच केली नाही. क्लबांनी जुनं कलम वापरून करार एका वर्षानं वाढवला. सीझन संपला, आणि युनियननं विचारलं, झालं ना एक वर्ष? ‘आणखी एक वर्ष’ म्हणजे किती?

२३ डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर साइट्झ यांनी उत्तर दिलं : एक वर्ष म्हणजे एक वर्ष! संपलं. खेळाडू मोकळा. मालकांनी निकाल मिळताक्षणी साइट्झना कामावरून काढून टाकलं, कोर्टात धावले, तिथेही हरले. ज्या कलमावर अख्खा धंदा शहाण्णव वर्षं उभा होता, ते ‘एक’ या शब्दाचा साधा अर्थ लावल्यावर कोसळलं. म्हणून सांगते, सही करण्याआधी करार वाचा. बारीक टायपातला तर दोनदा वाचा.

मिलरची हुशारी मला याच्यापुढेच दिसते. ओक्लंडचा मालक चार्ली फिनली बाकी मालकांना म्हणत होता, मग करून टाका ना दर वर्षी सगळ्यांनाच मोकळं! मिलरला धडकी भरली, कारण हा एकच मालक त्याच्याइतका हुशार निघाला होता. सगळे एकदम बाजारात आले तर भाव पडणार. सुदैवानं फिनलीचं कोणी ऐकलं नाही. १९७६ च्या करारात ठरलं, मोठ्या लीगमध्ये सहा वर्षं झाली की खेळाडू फ्री एजंट. म्हणजे दर वर्षी बाजारात थोडेच, अनुभवी खेळाडू. १९७५ मध्ये सरासरी पगार ४५ हजार डॉलरच्या आसपास होता. १९८० मध्ये तो एक लाख चाळीस हजारांच्या वर गेला, १९९२ मध्ये दहा लाखांच्या. आणि खेळ बुडाला का? नाही. मालकही श्रीमंतच झाले.

भांडणं मात्र संपली नाहीत. ऑगस्ट १९९४ मध्ये पगारावर मर्यादा घालण्याच्या मुद्द्यावर संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द करावी लागली. पब्लिक दोघांवरही वैतागलं. हा तिढा सुटायला मदत झाली ती १९९५ मधल्या एका न्यायाधीश बाईंच्या आदेशानं. त्यांचं नाव सोनिया सोटोमायोर, पुढे त्या सुप्रीम कोर्टात गेल्या.

डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओतानीनं डॉजर्सशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला, डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोटोनं न्यूयॉर्क मेट्सशी पंधरा वर्षांचा साडेशहात्तर कोटींचा. पण सगळे काही ओतानी नसतात हो. खालच्या मायनर लीगमधली पोरं वर्षानुवर्षं हातातोंडाची गाठ घालत होती. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही आपली दोन भालाफेकवाली पोरं २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून पिट्सबर्गच्या क्लबकडे गेली, ती याच मायनर लीगमध्ये. सगळ्यात खालच्या पायरीवर वर्षाला पाच हजार डॉलरही मिळत नव्हते. २०२२ मध्ये ही मुलं युनियनमध्ये आली, आणि २०२३ च्या पहिल्याच करारात तो आकडा १९,८०० डॉलर झाला.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या आयपीएलचं काय? २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत पहिला लिलाव झाला, धोनी पंधरा लाख डॉलरला गेला, आणि आपण टाळ्या वाजवल्या. तिथेही टीम खेळाडू ‘रिटेन’ करते, बाकीचे बोलीला. पैसा भरपूर आहे, नाही कोण म्हणतं? फ्लडलाही नव्वद हजार मिळत होतेच. कुठल्या शहरात राहायचं, कोणासाठी खेळायचं हे आपण ठरवायचं की दुसऱ्यानं, एवढाच त्याचा प्रश्न होता.

मावसभावासाठी मी एका वकील मैत्रिणीलाही विचारलं. ती म्हणाली, आपला करार कायदा १८७२ चा, म्हणजे बफेलोच्या त्या मीटिंगच्याही सात वर्षं आधीचा. त्याचं कलम २७ म्हणतं, कोणाला आपला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. म्हणजे ‘सोडल्यावर दुसरीकडे जायचंच नाही’ असं कोणी म्हणू शकत नाही. पण बॉण्ड म्हणजे नुसता कागद, असंही समजू नका. ट्रेनिंगचा, भरतीचा वाजवी खर्च मागता येतो. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बॅंकेची तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची भरपाई वैध ठरवली. तेव्हा त्यानं करार काढावा, उरलेले महिने मोजावेत, रक्कम बघावी, आणि मग ठरवावं. घाबरून थांबू नये आणि तडकाफडकी जाऊही नये.

कर्ट फ्लड २० जानेवारी १९९७ ला गेला, एकोणसाठाव्या वर्षी. १९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं मोठ्या लीगच्या खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचं संरक्षण दिलं आणि त्या कायद्याला नाव दिलं, कर्ट फ्लड कायदा. त्याला स्वतःला फ्री एजंट म्हणून एक डॉलरही मिळाला नाही.

परवा मावसभावाचा पुन्हा फोन. त्यानं क्लायंटला एक डॉलर एकोणचाळीस सेंटची गोष्ट सांगितली, क्लायंट जाम खूश, दहा मिनिटं कामाचं बोललाच नाही. राजीनाम्याचा मेलही लिहून झालाय, बॉण्ड संपायला सात आठवडे आहेत, तोवर थांबणार.

‘आणि ताई, आमच्या टीममधल्या एकीनं नोटीस पीरियड कमी करा म्हणून पत्र लिहिलंय. सह्या मागतेय.’

‘मग? तू तर चाललास.’

‘म्हणूनच केली. पहिली तिची, दुसरी माझी.’

मी फोन ठेवला आणि लिंक्डइनवर आमच्या त्या सीनियरचं नाव शोधलं. लगेच सापडलं. स्वतःची कंपनी आहे आता त्याची, पन्नासेक माणसं आहेत. मेसेज लिहायला घेतला, दोनदा खोडला, मग साधाच लिहिला : ‘ओळखलंस का? तुझा कागद मी नीट वाचून देते म्हणाले होते. वाचला. सही करायला हवी होती.’

पाठवला. पंधरा वर्षं उशीर झालाय, पण नोटीस पीरियड कधीतरी संपायचाच.